किल्ली कोणाच्या हाती?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, चतुर्थी होऊन गेल्यावर, आमच्या हरमल गावचा एक तरुण हातात कागदांची चळत घेऊन माझ्या सोप्यावर येऊन बसला. मी त्याला शाळेत शिकविलेले. बाप समुद्रावर होडी घालणारा. मुलगा केंद्र सरकारच्या एका खात्यात निवडला गेला होता. नेमणुकीपूर्वी चारित्र्य-पडताळणीचा नमुना भरून द्यावयाचा होता. त्या नमुन्यात शेवटी, उमेदवारास ओळखणाऱ्या दोन जबाबदार गृहस्थांची नावे मागितलेली असतात. त्यांपैकी एक नाव माझे घालावे, एवढीच त्याची विनंती.

अशा विनंत्या अलीकडे आमच्या पेडणे महालात वाढल्या आहेत. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने सुटू लागली. विमानतळाच्या आतल्या भागात काम करावयाचे तर प्रवेशपत्र लागते, आणि ते मिळण्यापूर्वी माणसाच्या पूर्वायुष्याची पोलीस चौकशी होते. ज्या गावांत पूर्वी ‘अमक्याचा नातू’ एवढी ओळख पुरत असे, त्या गावांत आता ओळख कागदावर सिद्ध करावी लागते. यात तक्रार करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

परंतु मुलाची अडचण निराळी होती. पाच-सहा वर्षांपूर्वी जत्रेच्या रात्री पोरापोरांत मारामारी झाली, पोलिसांत तक्रार गेली, याला एक रात्र ठाण्यावर बसविले, पुढे दोन्ही बाजूंची समजूत होऊन प्रकरण मिटले. शिवाय बापाने होडीच्या इंजिनासाठी एका पतसंस्थेचे कर्ज काढले होते आणि त्याला मुलगाच जामीन राहिला होता. बापाला हृदयविकार जडला, हप्ते तुंबले, वसुलीच्या नोटिसा मुलाच्या नावाने येऊ लागल्या. कर्जाविषयी नमुन्यात प्रश्न नव्हता; पण ‘आपणास कधी अटक झाली होती काय, आपणावर कधी खटला भरला होता काय’ हे प्रश्न होते. एका आप्ताने त्याला सल्ला दिला होता : सरळ ‘नाही’ लिही, कोण पाहतो! मुलगा मान खाली घालून म्हणाला, “मास्तर, खरें बरयल्यार नोकरी वतली, फट बरयल्यार न्हीद वतली.”

मी त्याला दुसऱ्या दिवशी यावयास सांगितले. त्या रात्री मात्र झोप माझीच गेली. माझ्या मनात प्रश्न दोन होते. माणसाच्या घरातली कर्जे, त्याची तरुणपणातली चूक, यांत डोकावण्याचा अधिकार राज्याला कोठून आला? आणि तो अधिकार मान्य केला, तर डोकावून जे दिसेल त्याचे राज्याने करावे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या एका म्हणीतच आहे : नाक दाबले की तोंड उघडते. राज्याची गुपिते फोडणारा माणूस राज्याचा द्वेष्टा असतोच असे नाही. बहुधा तो कुणाचाही द्वेष्टा नसतो. त्याचे नाक कुठेतरी दाबलेले असते, एवढेच. जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत जे प्रकरण उघडकीस आले, त्यात कुमार नारायण नावाच्या एका व्यापारी प्रतिनिधीने पंतप्रधानांच्या कार्यालयासह अनेक कार्यालयांतील कारकून व स्वीय साहाय्यक यांच्याकरवी गुप्त कागदांच्या नकला बाहेर काढल्या होत्या. मोबदला थोडे पैसे आणि दारूच्या बाटल्या. ज्या कागदांवर देशाचे संरक्षण अवलंबून, त्यांची किंमत एवढी! पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांच्यावर स्वतःवर आरोप नव्हता. परंतु आपल्या कचेरीतील माणसे गुंतली, हे पाहून त्यांनी राजीनामा दिला. हेच गृहस्थ पुढे १९९३ ते २००२ महाराष्ट्राचे राज्यपाल होते, हे वाचकांना स्मरत असेल. खटल्याचा निकाल २००२ साली लागला.

अमेरिकेच्या हेरखात्यातील ऑल्ड्रिच एम्सची कथा तर प्रसिद्धच आहे. घटस्फोटाने व उधळपट्टीने तो कर्जात रुतला आणि १९८५ च्या वसंतात स्वतः होऊन रशियन वकिलातीच्या पायऱ्या चढला. पहिल्या खेपेस पन्नास हजार डॉलर मिळाले. त्याने दिलेल्या नावांपैकी कित्येक माणसे रशियात फाशीच्या किंवा गोळीच्या वाटेने गेली. पकडला गेला तो फेब्रुवारी १९९४ मध्ये. मधल्या काळात त्याने पाच लक्ष चाळीस हजार डॉलरचे घर रोख पैसे देऊन घेतले. पगार वर्षाला सत्तर हजारही नव्हता. बायकोचे माहेर श्रीमंत आहे, असे तो सांगे, आणि ते मानले जाई. यंत्राने खरेखोटे ओळखण्याच्या परीक्षेतून तो १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा सुटला.

एम्स कर्जात होता तेव्हा त्याचे कुणाला काही विशेष वाटले नाही. तो श्रीमंत झाला तेव्हा तर त्याच्याविषयी आदर वाढला असावा. गरिबाच्या घरी नवी सायकल आली तर शेजारी विचारतात, पैसे कुठले? बड्या साहेबाच्या दारी नवी मोटार आली तर विचारण्याचा धीर होत नाही. संशय हा पाण्यासारखा उताराकडे वाहतो. म्हणून कर्ज पाहून माणूस पारखणारी कोणतीही पद्धत प्रथम गरिबालाच नापास करील, हे आधीच ओळखून असावे.

आपल्याकडे केंद्रीय नोकरांसाठी १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. त्यांतील सतरावा नियम असा की, नोकराने आपले खाजगी व्यवहार असे ठेवावे की नित्याचे कर्जबाजारीपण वा दिवाळखोरी ओढवू नये. आणि वसुलीचा दावा लागलाच तर ती हकीकत ताबडतोब सरकारला कळवावी. नियमाच्या टीपेत एक सूक्ष्म गोष्ट आहे. हे कर्जबाजारीपण आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी आले, सामान्य सावधगिरीने ते आधी दिसण्यासारखे नव्हते, आणि ते उधळेपणातून किंवा व्यसनातून आलेले नाही, हे सिद्ध करण्याचा भार नोकरावर आहे. म्हणजे कायद्याने कर्जाच्या दोन जाती मानल्या : एक नशिबाने आलेले, दुसरे स्वभावाने आणलेले. जात सिद्ध करावयाची मात्र ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने.

हा नियम वाचताना मला तुकोबांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. देहूचे ते महाजनांचे, दुकानदारीचे घराणे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात व्यापार बसला, दिवाळे निघाले, घरची माणसे अन्नावाचून गेली. टीपेच्या भाषेत बोलायचे तर ‘हाताबाहेरची कारणे’ पुराव्यासह होती! आणि पुढे याच दिवाळे निघालेल्या माणसाने, लोकांकडून येणे असलेल्या खतांपैकी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा आहे. दिवाळखोर म्हणून त्यांना तिजोरीपासून दूर ठेवणाऱ्याला त्यांचे काय कळले असते?

आपली परंपरा कर्जाकडे पाहते ती अशी दुहेरी नजरेने. यक्षाने ‘सुखी कोण’ असे विचारले असता युधिष्ठिराने उत्तर दिले की, पाचव्या-सहाव्या दिवशी का होईना, आपल्या घरी भाजी शिजवून खाणारा, ज्याला ऋण नाही आणि ज्याला परदेशी राहावे लागत नाही, तो. (परदेशात नोकरीला मुले पाठविलेल्या आमच्या गोमंतकातील आईबापांनी या उत्तराचा दुसरा भागही मनन करण्यासारखा आहे.) पण त्याच परंपरेने असेही सांगितले की, मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणात असतो. ऋणाशिवाय जन्मच नाही. तेव्हा ऋण असणे हे पाप नव्हे. ते दुःख आहे आणि ते कर्तव्यही आहे. बापाच्या इंजिनाला जामीन राहिलेला मुलगा पितृऋणच फेडीत होता, असे मी म्हटले तर कुणी हसू नये. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एका बँकेच्या उमेदवाराचे प्रकरण आले होते. परतफेडीच्या जुन्या नोंदी वाईट निघाल्या म्हणून त्याची नेमणूक रद्द झाली होती. कर्जे फिटली आहेत, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याने स्वतःचा पैसा कसा हाताळला हे पाहावे, यात अयोग्य असे काही नाही. तरी त्या उमेदवाराचे हप्ते कशाने चुकले, हे विचारण्याची सोय त्या पद्धतीत असती तर मला अधिक बरे वाटले असते. नोंदीच्या आकड्यात आजारपण आणि जुगार सारखेच दिसतात.

आता माझीच एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका देवस्थानच्या समितीवर तीन वर्षे खजिनदार होतो. गोमंतकातील देवस्थानांचा कारभार १९३३ च्या नियमावलीने चालतो. महाजन समिती निवडतात, हिशेब मामलेदारांकडे जातात, हे या मासिकाच्या वाचकांना सांगावयास नको. त्याच काळात मुलीचे लग्न झाले आणि धाकट्या भावाचे मोठे आजारपण निघाले. मी तीन ठिकाणचे कर्ज काढले. घरात पत्नीखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. जत्रेनंतर फंडपेटी उघडून मोजदाद करण्याचे काम माझे. एका रात्री दिव्याखाली नोटांच्या गड्ड्या लावीत असताना माझ्या मनात आले की यातील एक गड्डी महिनाभर माझ्याजवळ राहिली तर कुणालाही कळणार नाही, आणि महिन्याने मी ती परत ठेवीनच. ‘चोरी’ हा शब्द त्या क्षणी मनात नव्हता. ‘परत ठेवीन’ हाच होता. मी गड्डी उचलली नाही. पण ती न उचलण्याचे श्रेय माझ्या चारित्र्याला द्यावे की बाहेर वाजलेल्या कुणाच्या पावलांना, हे मला आजतागायत सांगता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी समितीच्या मुखत्यारांकडे गेलो. वयोवृद्ध गृहस्थ. कर्जाची सर्व हकीकत सांगितली, रात्रीचा विचारही सांगितला आणि किल्ल्या पुढे ठेवल्या. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “किल्ली तुमच्याकडेच राहू दे. यापुढे मोजताना मी शेजारी बसेन.” त्यांनी मला पैसे दिले नाहीत, उपदेश केला नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे ही गोष्ट कुणाला सांगितलीही नाही. तीन वर्षे पुरी होईपर्यंत प्रत्येक मोजदादीला ते पाट घेऊन शेजारी बसले. कर्ज फिटावयास पुढे आणखी दोन वर्षे लागली, पण त्या दिवसापासून त्याचा माझ्यावरचा अंमल गेला होता. कारण तोवर मला भय होते ते सावकाराचे नव्हे. कुणाला कळेल याचे होते. ते गृहस्थ आज हयात नाहीत.

प्रामाणिकपणे हेही नमूद करतो की, त्यांच्या जागी मी असतो आणि दुसरा एखादा खजिनदार माझ्याकडे असा आला असता, तर मी त्याच्या किल्ल्या काढून घेतल्या असत्या.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अमात्यांच्या परीक्षेचा एक अध्याय आहे. १९०९ साली शामशास्त्र्यांनी म्हैसुरात हा ग्रंथ प्रथम छापून आणला आणि १९६० पासून पुढे मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. परीक्षा चार : धर्म, अर्थ, काम आणि भय. काढून टाकलेल्या पुरोहिताने धर्माच्या नावाने फितवावे, सेनापतीने धन दाखवावे, परिव्राजिकेने राणीचे मन तुमच्यावर बसले आहे असे सांगावे, तुरुंगात टाकलेल्याला सोबत्याने राजाविरुद्ध चिथवावे. आपण वाचतो आणि चाणक्याच्या कुटिलतेचे कौतुक करून पुस्तक मिटतो. मला मात्र त्या अध्यायाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. एका परीक्षेत उतरलेल्याला सगळेच अधिकार मिळत नाहीत, आणि एकीत न उतरलेल्याला देशोधडीलाही लावले जात नाही. धर्माच्या परीक्षेत शुद्ध ठरलेला न्यायदानाकडे, अर्थाच्या परीक्षेत शुद्ध ठरलेला करवसुली व कोशाकडे, कामाच्या परीक्षेत शुद्ध ठरलेला विहारस्थानांच्या रक्षणाकडे, भयाच्या परीक्षेत शुद्ध ठरलेला राजाच्या निकटच्या कामांवर. चारींत शुद्ध तो मंत्री. चारींत अशुद्ध ठरलेल्यालासुद्धा खाणी, अरण्ये, हत्तीवने आणि कारखाने येथे काम आहे. माणूस चांगला की वाईट, असा प्रश्न कौटिल्य विचारीत नाही. याच्या हाती कोणती किल्ली द्यावी, एवढेच तो विचारतो. आणि परीक्षेच्या नादात निर्मळ पाण्यात विष कालवू नये, एकदा नासलेल्या मनाला मागाहून औषध सापडेलच असे नाही, असा इशाराही त्याने दिला आहे. चौकशी अशी असू नये की जिच्यामुळे खरा माणूस खोटा होईल. माझ्या सोप्यावर बसलेल्या मुलाच्या बाबतीत नेमके तेच घडू पाहत होते.

‘कर नाही त्याला डर कशाला’ असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. आम्ही गोमंतकीयांनी तरी तसे म्हणू नये. सालाझारच्या पोर्तुगालमध्ये १९३६ च्या हुकूमनाम्याने सरकारी नोकरीत शिरणाऱ्याकडून राजवटीच्या व्यवस्थेला मान्यता देणारे प्रतिज्ञापत्र लिहून घेतले जाई. १९४६ साली त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात ठेवले. आजच्या नमुन्यातील ‘आपणास कधी शिक्षा झाली होती काय’ या प्रश्नाला कुन्हांना ‘होय’ असेच उत्तर द्यावे लागले असते! कागद शिक्षा सांगतो. ती कोणी, कशासाठी दिली, हे वाचणाऱ्याने विचारावयाचे असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले आहे. २०११ मधील संदीप कुमार प्रकरणात, विशीच्या वयात एका मारामारीत सापडून पुढे समेटाने सुटलेल्या उमेदवाराला दिल्ली पोलिसांनी हवालदाराची जागा नाकारली होती. त्याने ती गोष्ट अर्जात सांगितली नव्हती. न्यायालयाने तरुणपणाच्या चुका पोटात घालाव्यात असे म्हटले आणि व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील, भुकेसाठी पाव चोरून जन्मभर चोर ठरलेल्या जाँ व्हालजाँचे उदाहरण दिले. पुढे २०१६ साली अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांनी या विषयाची नीट मांडणी केली : माहिती खरी दिली पाहिजे, लपवाछपवी चालणार नाही, परंतु किरकोळ अपराध असेल तर तो लपविला गेला असला तरी नेमणूक करणाऱ्याला क्षमा करण्याची मोकळीक आहे, पदाचे स्वरूप पाहूनच निर्णय करावा. आणि खरे सांगितले म्हणून नेमणूक झालीच पाहिजे असेही नाही. शेवटचे वाक्य कठोर आहे, पण ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. अमेरिकेतही २०१७ पासून लागू असलेल्या तेरा कसोट्यांत आर्थिक स्थिती ही एक स्वतंत्र कसोटी आहे. तेथेही आजारपण वा नोकरी जाणे यांमुळे आलेले कर्ज आणि ते फेडण्याची खरी धडपड उमेदवाराच्या बाजूने धरली जाते.

मग मी त्या मुलाला काय सांगितले? दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी म्हटले, माझे नाव घाल. पण पोलीस मला विचारावयास आले तर जत्रेच्या रात्रीचे प्रकरण मी सांगेन, आणि ते कसे मिटले तेही सांगेन. तेव्हा माझ्या तोंडून निघण्याआधी ते तुझ्या हातून कागदावर उतरलेले बरे. “आनी रीण?” त्याने विचारले. विचारलेले नाही ते लिहू नको, मी म्हणालो. पण पतसंस्थेकडे स्वतः जा, हप्त्यांची नवी बांधणी लेखी करून घे, आणि नोकरीवर रुजू झालास तर वरिष्ठाला पहिल्याच महिन्यात सांग. तो काही वेळ नमुन्याकडे पाहत बसला. मला ठाऊक होते की मी त्याला जे सांगत आहे त्याचा खर्च मला नाही, त्याला आहे. माझे निवृत्तिवेतन दर महिन्याला येते. त्याची नोकरी अजून यावयाची होती. मुखत्यारांसारखा कुणी त्या कचेरीत बसलेला असेल, या भरवशावर मी त्याला धाडीत होतो, आणि तसा कुणी तेथे असेल असे मी त्याला खात्रीने सांगू शकत नव्हतो.

त्याने माझ्याच टेबलावर बसून नमुना भरला. ‘होय’ लिहिताना पेन एकदा थांबले. खाली चार ओळींत हकीकत लिहिली, तीत एक शुद्धलेखनाची चूक होती, ती मी सवयीने दाखविली आणि तो हसला. नंतर कागद पिशवीत घालून पेडण्याची बस पकडण्यासाठी निघून गेला. परवा बाजारात त्याचा बाप भेटला. अजून उत्तर आलेले नाही, म्हणाला. पोलीस मात्र माझ्याकडे येऊन गेले आहेत.